पायथन ३.१३ची बीटा आणि शून्य रुपये दंड

८ मे २०२४ रोजी पायथन या संगणकीय भाषेच्या ३.१३ची पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्याच आठवड्यात, ११ मेच्या शनिवारी, मी ती घरच्या संगणकावर बांधायला घेतली. माझा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आहे; परंतु आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची देवघेव, वर्गणी आणि दंड सांभाळणारा प्रोग्राम मी २००९ साली लिहिला आणि तेव्हापासून त्याची डागडुजीही माझ्याकडेच राहिली आहे. २०१९च्या अखेरीस, पायथन २चा आधार संपायला काही आठवडे उरलेले असताना, मी तो घाईघाईने पायथन ३वर आणला होता. त्या घाईची किंमत पुढे मोजावी लागली. २०२१ साली वाचनालयाच्या संगणकावरील ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तिच्याबरोबर पायथन ३.८ आले, त्यातून वेब-अर्ज हाताळणाऱ्या ‘सीजीआय’ या मॉड्यूलमधील, म्हणजे भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्यातील, ‘एस्केप’ हे फंक्शन काढून टाकलेले होते, आणि शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी, देवघेवीच्या खिडकीवरचा पडदा कोरा झाला. ग्रंथपालबाईंनी दोन तास जुन्या रजिस्टरमध्ये हाताने नोंदी केल्या आणि मला दूरध्वनीवर एवढेच विचारले, “पुढच्या वेळी आधी कळेल ना?” ३.१३ची बीटा घेण्यामागे माझा हेतू या प्रश्नापुरताच होता.

पायथनच्या आवृत्त्या आता ठरलेल्या वेळापत्रकाने येतात. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये एक नवी आवृत्ती, तिच्याआधी साधारणपणे सात अल्फा, चार बीटा आणि दोन रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम ठरू शकतील अशा प्रती, असा तो क्रम आहे. अल्फामध्ये नव्या गोष्टी येत-जात असतात. पहिली बीटा आली की नवीन काही घ्यायचे नाही, फक्त दुरुस्त करायचे, असा नियम लागू होतो. बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने हाच काळ मोलाचा असतो, कारण एखादा बदल अडचणीचा ठरतो आहे हे या काळात सांगितले तर तो मागे घेता येतो. ऑक्टोबरनंतर तीच तक्रार केली तर आता ही भाषेची रीत झाली, असे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. ३.१३चे प्रकाशन सांभाळणारे थॉमस वाउटर्स यांच्या निवेदनातही, बीटा प्रत्यक्ष कामासाठी वापरू नये परंतु पायथनवर आधारलेले प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी याच काळात ते तपासून पाहावेत, असे आवर्जून म्हटलेले होते. इतकी वर्षे मी हे आवाहन आपल्यासाठी नाहीच असे समजत आलो होतो.

बीटा बांधण्याचे काम तसे सरळ आहे. सोर्स कोड उतरवायचा, ‘कॉन्फिगर’ चालवून तो कोठे बसवायचा ते सांगायचे, मग ‘मेक’, आणि शेवटी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’. शेवटच्या आज्ञेतील ‘ऑल्ट’ विसरू नये. तो विसरला आणि मूळ फोल्डरातच बसवणी केली, तर नवे पायथन जुन्याच्या नावावर हक्क सांगते आणि ज्या इतर प्रोग्रामांना जुने हवे असते त्यांची पंचाईत होते. मी तो विसरलो नाही, परंतु दुसरी चूक केली. ‘मेक’च्या शेवटी पडद्यावर एक सूचना आली होती, की काही ऐच्छिक मॉड्यूल बांधण्यासाठी लागणारे साहित्य सापडले नाही, आणि खाली त्यांची यादी होती. बांधणी तर पूर्ण झाली, मग यादी कशाला वाचायची, या विचाराने मी पुढे गेलो आणि पहिल्याच प्रयत्नात प्रोग्राम एसक्यूलाइट या डेटाबेसपाशी अडखळला. माझ्या संगणकावर बांधणीला लागणाऱ्या एसक्यूलाइटच्या हेडर फाइलच नव्हत्या. त्या आणून पुन्हा सगळे बांधण्यात अर्धी सकाळ गेली.

त्यानंतर प्रोग्रामची आणि डेटाबेसची प्रत घेऊन ती या नव्या पायथनवर चालवली. पहिल्या मिनिटातच जे कोसळले ते सर्व अपेक्षित होते, निदान मला ते अपेक्षित असायला हवे होते. पायथनच्या पोतडीत वर्षानुवर्षे साठलेली एकोणीस मॉड्यूल्स ३.१३मधून एकदम काढून टाकली गेली. ख्रिश्चन हाइम्स आणि ब्रेट कॅनन यांचा हा प्रस्ताव ‘मृत बॅटऱ्या’ या नावाने ओळखला जातो, कारण ‘बॅटऱ्यांसकट मिळते’ अशी या भाषेची जुनी बढाई होती. ऑक्टोबर २०२२मध्ये ३.११ आली तेव्हापासून ही मॉड्यूल्स वापरली की जाणार असल्याची सूचना मिळत होती. वाचनालयाच्या संगणकावर ३.११च होते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ती सूचना रोज अनेकदा उमटत होती. लॉग मी तेव्हाच उघडतो जेव्हा काही बिघडलेले असते, आणि तेव्हा माझी नजर बिघाड शोधत असते, सूचना नव्हे.

माझ्या प्रोग्रामात त्या एकोणीसपैकी चार मॉड्यूल्स निघाली. ‘सीजीआय’ हे त्यांतले सर्वांत पसरलेले. अर्जांतील माहिती वाचण्यासाठी ते अकरा ठिकाणी वापरलेले होते. त्याच्या जागी वेबपत्त्यातील प्रश्न उलगडणारे ‘पार्स क्यूएस’ वापरणे सोपे होते, फक्त मुखपृष्ठाचे चित्र चढवण्याच्या अर्जासाठी ईमेल वाचणारे मॉड्यूल कामाला लावावे लागले, कारण फाइलसह येणारा अर्ज आणि जोडपत्रांसह येणारी ईमेल यांची रचना एकाच घराण्यातली आहे. पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या ‘क्रिप्ट’ची अडचण मी अगदी अतांत्रिक रीतीने सोडवली. पासवर्ड फक्त चार कर्मचाऱ्यांचे होते. जुने पासवर्ड तपासण्याची युक्ती शोधत बसण्याऐवजी चौघांनाही नवे पासवर्ड द्यायचे ठरवले.

चित्राचा प्रकार ओळखणारे ‘आयएमजीएचडीआर’ गेले याचा मात्र फायदाच झाला. काही मोबाइलवरून काढलेली मुखपृष्ठे आमचा प्रोग्राम ‘हे चित्र नाही’ म्हणून परत पाठवत असे आणि त्याचे कारण मला कधी सापडले नव्हते. जुने मॉड्यूल उघडून वाचले तेव्हा कळले, की जेपेग ओळखण्यासाठी ते प्रामुख्याने सातव्या बाइटपासून सुरू होणारी चार अक्षरे पाहत असे, आणि त्या जागी ठरावीक दोन शब्दांपैकी एक नसेल तर बहुतेक वेळा फाइल नाकारत असे. मी फक्त आरंभीचे तीन बाइट तपासणारा चार ओळींचा तुकडा लिहिला आणि नाकारलेल्या चित्रांपैकी जेवढी माझ्याजवळ होती तेवढी सर्व स्वीकारली गेली.

‘ऑडिओऑप’ने सर्वांत जास्त वेळ घेतला. अंध सभासदांसाठी गावातील काही मंडळी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. कोणी माइकच्या जवळ बसून वाचतो, कोणी लांबून, आणि सर्व प्रकरणांचा आवाज एका पातळीवर आणण्याचे काम हे मॉड्यूल करत असे. चाळीस मिनिटांच्या प्रकरणात, सेकंदाला २२,०५० नमुने धरले, तर सुमारे ५ कोटी २९ लाख आकडे असतात. सी भाषेत लिहिलेले जुने फंक्शन ते पापणी लवते न लवते तोच गुणून देत असे. मी ‘अ‍ॅरे’ ही पायथनमधील आकड्यांची साधी यादी वापरून तेच केले तेव्हा काही सेकंद लागू लागले, ते चालण्यासारखे होते. परंतु एका प्रकरणात गुणाकार ३२,७६७च्या, म्हणजे अशा एका नमुन्यात मावणाऱ्या कमाल आकड्याच्या, पलीकडे गेला आणि प्रोग्राम थांबला. जुने फंक्शन अशा वेळी आकडा मर्यादेत कापून पुढे जात असे, ‘अ‍ॅरे’ तसे करत नाही. म्हणजे आमच्या काही मुद्रणांतील उंच स्वर इतकी वर्षे मुकाट कापले जात होते आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी तसे कधी बोलले नव्हते. पुढे काढलेल्या काही मॉड्यूल्सच्या स्वतंत्र प्रती पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारात मिळू लागल्या, परंतु तोवर माझे लिहून झाले होते.

चाचण्यांचा संच चालवला तेव्हा आणखी थोडी पडझड झाली; त्यातली बरीचशी ३.१२ने आधीच काढलेल्या ‘असर्टइक्वल्स’ या जुन्या नावामुळे होती. शेवटचा ‘एस’ सर्वत्र पुसून टाकला आणि सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. येथे मी थांबलो असतो, आणि प्रत्येक वेळी याच टप्प्यावर थांबत आलो होतो. परंतु बीटा असल्यामुळे मनात संशय होता, म्हणून मार्च महिन्याचे सर्व अहवाल जुन्या आणि नव्या पायथनवर काढून ते ओळीओळीने ताडून पाहिले. वर्गणी जुळली, देवघेवीच्या संख्या जुळल्या, दाखल अंकांची यादी जुळली. दंडाच्या अहवालात मात्र उशिरा पुस्तके परत करणाऱ्या ४७ सभासदांपुढे नव्या पायथनने एकच आकडा छापला होता, शून्य. कोठेही त्रुटी नाही, सूचना नाही, लाल अक्षर नाही. कार्यकारी मंडळाने दंडमाफीचा ठराव केला असावा इतक्या शांतपणे सर्वांचा दंड शून्य झाला होता.

याचे मूळ २०१९मधील माझ्याच एका हौसेत होते. पायथन ३मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात हे कळल्यावर मी दंडाचे नियम एका वेगळ्या फाइलीत मराठीतून लिहिले होते, म्हणजे ‘दंड’ बरोबर ‘दिवस’ गुणिले ‘दर’, अशा रीतीने, जेणेकरून दर बदलला की ग्रंथपालबाई स्वतः ती फाइल वाचू आणि बदलू शकतील. प्रोग्रामातील एक फंक्शन ती फाइल ‘एक्झेक’ने, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या आज्ञेने, चालवत असे आणि मग फंक्शनमधील नावे आणि त्यांची मूल्ये सांगणाऱ्या ‘लोकल्स’ला विचारत असे, की तुझ्याजवळ ‘दंड’ नावाचे काही आहे का, असेल तर ते दे, नसेल तर शून्य दे. ‘एक्झेक’ वापरू नये हे मला ठाऊक आहे आणि वाचकांपैकी जाणकारांना ते सांगण्याची तीव्र इच्छा होत असेल हेही ठाऊक आहे. परंतु ती फाइल लिहिणारे हात दोनच होते आणि दोन्ही विश्वासाचे होते.

पहिल्यांदा वाटले, की बीटातील दोष सापडला. पायथनच्या तक्रारी जेथे नोंदवतात त्या गिटहबवर तक्रार लिहायला घेतली, शीर्षकही दिले. तक्रारीबरोबर दोष दाखवणारा लहानात लहान नमुना जोडायचा असतो, म्हणून सर्व प्रोग्राम बाजूला ठेवून मी चार ओळींचे एक फंक्शन तयार केले. ३.११ त्यातून १ परत देत होते आणि ३.१३ची बीटा शून्य. पाठवण्यापूर्वी या आवृत्तीतील बदलांची अधिकृत टिपणी ‘लोकल्स’ हा शब्द शोधत वाचली आणि माझी तक्रार तेथेच निकालात निघाली. हा दोष नव्हता, मुद्दाम केलेला आणि नीट लिहून ठेवलेला बदल होता, पेप ६६७ (पायथनमधील बदलांच्या प्रस्तावांना पेप म्हणतात).

त्यातील मर्म असे. फंक्शनच्या आत ‘लोकल्स’ बोलावले की जुन्या पायथनमध्ये त्या फंक्शनसाठी ठेवलेली एकच सामाईक डिक्शनरी, म्हणजे नावे आणि त्यांची मूल्ये यांची यादी, मिळत असे. ‘एक्झेक’ने तिच्यात ‘दंड’ टाकला की पुढच्या वेळी विचारल्यावर तो तेथे सापडे. हे वागणे कोणी हमी देऊन ठरवलेले नव्हते. डीबगरसारखी, म्हणजे कोडमधील दोष शोधणारी, साधने त्यामुळे अडचणीत येत, आणि फंक्शनच्या आत एक, बाहेर दुसरे, अशी त्याची तऱ्हा होती. ३.१३पासून फंक्शनच्या आत प्रत्येक वेळी ‘लोकल्स’ त्या क्षणाची एक नवी, स्वतंत्र प्रत देते. ‘एक्झेक’ने आपल्या प्रतीत ‘दंड’ लिहिला, ती प्रत कोणी जपली नाही, आणि मी विचारणा केली ती दुसऱ्याच प्रतीकडे. तिच्यात ‘दंड’ नव्हता, आणि नसेल तर शून्य द्यायचे असे मीच सांगून ठेवले होते.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ‘एक्झेक’ला माझी स्वतःची डिक्शनरी द्यायची आणि उत्तर तिच्यातूनच घ्यायचे, हे ३.११मध्येही चालत होते, म्हणजे पहिल्यापासून असेच लिहायला हवे होते. त्याबरोबर ‘नसेल तर शून्य’ हा उदारपणाही मी काढून टाकला. ‘दंड’ सापडला नाही तर प्रोग्रामने आता थांबावे आणि ओरडावे. चाचणीनेही हा घोळ पकडला नव्हता, कारण दंड ऋण नसावा एवढेच ती पाहत होती आणि शून्य ऋण नसतो.

लायब्ररींच्या बाबतीत दोन आठवडे नुसती वाट पाहावी लागली. मुखपृष्ठे लहान करणारी एक लायब्ररी आम्ही वापरतो, तिची ३.१३साठी तयार बांधलेली प्रत बीटाच्या काळात मिळत नव्हती, त्यामुळे लायब्ररी बसवून देणाऱ्या पिपने ती मुळापासून बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. तिच्या सांभाळणाऱ्यांना कळवायला गेलो तर त्यांची दुरुस्ती आधीच सुरू होती. त्यांची बाजूही रास्त होती. सी भाषेतील विस्तारांना ज्या बायनरी रचनेवर अवलंबून राहावे लागते ती चौथ्या बीटानंतर बदलू नये असे पायथनचे उद्दिष्ट असते. त्याआधी तयार प्रत द्यायची म्हणजे ती पुन्हा बांधावी लागण्याची तयारी ठेवायची. चौथी बीटा १८ जुलैला आली आणि १ ऑगस्टला पहिला रिलीज कँडिडेट.

मधल्या काळात ३.१३चा नवा संवादी पडदा, म्हणजे जेथे आज्ञा लिहिली की लगेच उत्तर मिळते तो, मनसोक्त वापरला. पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराच्या प्रकल्पातील कोडवर उभारलेल्या या पडद्यावर वरचा बाण दाबला की पूर्ण फंक्शन एकदम परत येते, ओळ ओळ वेचावी लागत नाही, आणि बाहेर पडण्यासाठी नुसते ‘एक्झिट’ लिहिले तरी पुरते. देवनागरी लिहिताना मात्र कर्सर भरकटत असे. ‘पुस्तक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पायथनच्या लेखी त्यात सहा चिन्हे असतात, आणि टर्मिनल त्याला किती घरे देईल हे टर्मिनलगणिक बदलते. एका टर्मिनलमध्ये कर्सर शब्दाच्या बराच पुढे जाऊन उभा राहिला, दुसऱ्यात थोडाच पुढे. दोष कोणाच्या पदरी टाकावा हे ठरवण्याइतका नमुना मला बनवता आला नाही, म्हणून तक्रार केली नाही आणि एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून जुना साधा पडदा परत घेतला. ती तक्रार अर्धवट का होईना, करायला हवी होती असे आता वाटते. देवनागरी टाइप करून पाहणारे बीटाच्या काळात फार नसावेत.

जागतिक कुलूप, म्हणजे एका वेळी पायथनचे एकच काम पुढे जाऊ देणारे जीआयएल, काढलेली प्रायोगिक बांधणीही मी एका रविवारी करून पाहिली. वाचनालयाच्या खिडकीवर एका वेळी एकच सभासद असतो, तेव्हा आमच्या प्रोग्रामाला तिचा उपयोग शून्य.

अंतिम आवृत्ती १ ऑक्टोबरला यायची होती. त्या दिवशी ती न येता तिसरा रिलीज कँडिडेट आला. अल्फाच्या काळापासून आत असलेला टप्प्याटप्प्याने कचरा गोळा करणारा, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा, नवा भाग, त्यामुळे वेग घटण्याची शक्यता दिसल्याने, शेवटच्या क्षणी काढून जुना परत बसवला गेला होता. एरवी अशी बातमी मी वाचून सोडून दिली असती. या वेळी मार्चचे अहवाल पुन्हा काढून पुन्हा ताडले, कारण पाच महिने ज्यावर तपासले ते आणि जे येणार होते ते आता तंतोतंत एक राहिले नव्हते. सर्व आकडे जुळले. ७ ऑक्टोबरला ३.१३ प्रसिद्ध झाली.

वाचनालयात ती बसवली दिवाळीच्या सुट्टीत, जुन्या ३.११च्या शेजारी, वेगळ्या फोल्डरात. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम देवघेवीच्या खिडकीमागे खुर्ची टाकून बसलो. नव्या पासवर्डांची चिठ्ठी एका कर्मचाऱ्याने घरी विसरली होती, त्यात पंधरा मिनिटे गेली. पहिले उशिराचे पुस्तक एका निवृत्त शिक्षकांनी आणले, सात दिवस, दर दिवशी पन्नास पैसे. पावती छापून आली, साडेतीन रुपये. दिवाळीत वाचनालय बंद असताना दंड कसला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ग्रंथपालबाईंना ते पटले.